दूध, अंडी आणि मंद आच : एक कस्टर्ड जमलं की सहा देशांचे पदार्थ जमतात

फ्रान्सचं क्रेम कॅरॅमल, फिलिपीन्सचं लेचे फ्लान, ब्राझीलचं पुदिम, जपानचं चावानमुशी. नावं ऐकून चार वेगळ्या पाककृती शिकाव्या लागतील असं वाटतं. खरं तर हे एकच काम आहे: द्रवात अंडं मिसळायचं आणि ते घट्ट होईल, पण फाटणार नाही, इतकीच उष्णता द्यायची. पाककृतीत लिहिलेली मिनिटं पाळूनही नवशिक्यांचं कस्टर्ड बिघडतं, कारण घड्याळाकडे लक्ष असतं आणि तापमानाकडे नसतं. म्हणून इथे आधी तंत्र आहे, मग एक पदार्थ सविस्तर, आणि त्यानंतर बाकीचे.

सुरुवात क्रेम कॅरॅमलनेच करा. त्यात कॅरॅमल, मिश्रण, भाजणं आणि साच्यातून काढणं अशा चारही परीक्षा होतात. ते जमलं की पुढचं सोपं जातं.

काय काय लागेल

- ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. अंड्यांचा आकार फार बदलतो. इथे एक अंडं म्हणजे कवच काढून ५० ग्रॅम आणि एक पिवळा बलक म्हणजे १८ ग्रॅम धरलं आहे. अंडी लहान असतील तर संख्येपेक्षा वजनावर जा.
- टोक खुपसून मोजता येईल असा स्वयंपाकाचा थर्मामीटर. नसेल तरी काम होतं, पण पहिल्या दोन-तीन वेळा तो फार उपयोगी पडतो.
- बारीक जाळीची गाळणी.
- जाड बुडाचं, आतून फिकट रंगाचं लहान पातेलं. काळ्या पातेल्यात कॅरॅमलचा रंग कळत नाही.
- उष्णता सोसणाऱ्या १५० मिलीच्या ६ वाट्या.
- त्या वाट्या सपाट बसतील असा खोल ट्रे आणि त्याच्या तळाशी पसरायला एक सुती फडकं.

१. आधी तापमान समजून घ्या

नुसत्या अंड्यातला पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, तर पिवळा ६५ ते ७० अंशांना. त्यात दूध आणि साखर मिसळली की हे तापमान चढतं. दुधामुळे अंड्यातली प्रथिनं एकमेकांपासून लांब पसरतात आणि साखर त्यांना उलगडू देत नाही. त्यामुळे गोड कस्टर्ड साधारण ७८ ते ८५ अंशांच्या दरम्यान जमतं.

त्याच्या वर गेलं की तीच प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळतात आणि मधलं पाणी पिळून बाहेर काढतात. कस्टर्डमध्ये दिसणारी भोकं, कडेला सुटलेलं पाणी, जिभेला लागणारा रवाळपणा ही सगळी याच एका चुकीची लक्षणं आहेत. जमणं आणि फाटणं यांत जेमतेम पाच-सात अंशांचं अंतर असतं. आच जितकी मंद, तितका तो टप्पा ओलांडायला वेळ लागतो आणि वेळेवर थांबणं सोपं जातं. मोठी आच वेळ वाचवत नाही. ती तुमची थांबण्याची संधी काढून घेते.

याला एक अपवाद आहे. मिश्रणात मैदा किंवा कॉर्नफ्लोअर असेल तर ते उकळलं तरी फाटत नाही, कारण फुगलेला स्टार्च प्रथिनांना आवळू देत नाही. पोर्तुगालची नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली पेस्ट्री, भट्टीसारख्या आचेत भाजता येते ती यामुळेच.

२. प्रमाण वाचायला शिका

नवी पाककृती हातात आली की आधी दोन गोष्टी बघा: द्रव किती, आणि अंडी अख्खी आहेत की फक्त बलक.

पांढरा भाग कस्टर्डला उभं राहायची ताकद देतो. पिवळा मऊपणा आणि दाटपणा देतो. साच्यातून काढून ताटलीत उभं करायचं असेल तर अख्खी अंडी बहुतेक लागतातच, नाहीतर बलकांची संख्या भरपूर लागते. वाटीतच खायचं असेल तर अंडी कमी चालतात.

एक गोष्ट बहुतेक पाककृती सांगत नाहीत: नुसतं पाणी आणि अंडं नीट जमत नाही. प्रथिनांना एकत्र यायला थोडे क्षार लागतात. दुधात ते असतातच, जपानी दाशीतही (समुद्री शेवाळ आणि सुक्या माशाच्या पातळ अर्कातही) असतात. म्हणून दुधाऐवजी फक्त साखरपाणी वापरायचा प्रयोग करू नका. गोड कस्टर्डमध्येही चिमूटभर मीठ घाला.

३. क्रेम कॅरॅमल: कॅरॅमल

सहा वाट्यांसाठी साखर १२० ग्रॅम, पाणी ३० मिली.

वाट्या आधीच ओळीनं मांडून ठेवा. कॅरॅमल झाल्यावर वाट्या शोधत बसायला वेळ मिळत नाही.

साखर आणि पाणी पातेल्यात एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत ढवळलं तर चालेल, पण उकळी आल्यावर चमचा घालू नका. ढवळल्यानं कडेला उडालेले कण पुन्हा पाकात पडतात आणि सगळा पाक दाणेदार होऊन बसतो. कडेला साखर चिकटलेली दिसली तर ओल्या ब्रशनं खाली उतरवा. रंग एका बाजूनं यायला लागला की पातेलं फक्त गोल हलवा.

पाक साधारण १७० अंशांना सोनेरी होतो, १८० च्या आसपास गडद तांबूस, आणि १९० च्या पुढे कडवट. गडद तांबूस रंगावर थांबा. फिकट कॅरॅमल नुसतं गोड लागतं आणि कस्टर्डच्या गोडीला छेद देत नाही. हव्या त्या रंगाच्या जरा आधीच आच बंद करा, कारण गरम पातेल्यात रंग पुढे जातच राहतो. लगेच वाट्यांत ओता आणि प्रत्येक वाटी तिरकी फिरवून तळ झाकून घ्या. कॅरॅमल कडक झाल्यावर बारीक तडकण्याचा आवाज येईल. त्यात काही बिघडलेलं नाही.

हे काम करताना लहान मुलं जवळ नकोत. उकळत्या पाण्यापेक्षा हे कितीतरी जास्त गरम असतं आणि त्वचेला चिकटून राहतं. पातेलं घासायचं असेल तर त्यात पाणी घालून उकळा, सगळं आपोआप सुटतं.

४. मिश्रण

- सायीसकट दूध ५०० मिली
- अख्खी अंडी ३, वर २ बलक
- साखर १०० ग्रॅम
- व्हॅनिलाची अर्धी शेंग, किंवा एक छोटा चमचा अर्क
- चिमूटभर मीठ

दूध शेंगेबरोबर वाफा येईपर्यंत तापवा, साधारण ६० अंश. उकळू नका. दुसऱ्या भांड्यात अंडी, बलक, साखर आणि मीठ एकजीव करा. इथे फेटायचं नाही, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. व्हिस्क भांड्याच्या तळाला टेकवून पुढे-मागे फिरवा, म्हणजे हवा शिरत नाही. केकसाठी फेटतो तसं फेटलंत तर वर फेस येतो आणि तोच भाजल्यावर खडबडीत थर होऊन बसतो.

साखर अंड्यांवर टाकून नुसती ठेवू नका, लगेच मिसळा. ती बलकातलं पाणी ओढून घेते आणि मग कडक पिवळे कण राहतात, जे पुढे विरघळत नाहीत.

आता गरम दूध धारेनं अंड्यांत ओता, ढवळत राहा. अंडी दुधात ओतायची नाहीत, दूध अंड्यांत ओतायचं. उलट केलं तर पहिली धार गरम दुधात पडताक्षणी शिजते. अर्क वापरत असाल तर तो आता घाला.

मिश्रण गाळा. अंड्यातला पांढरा दोरीसारखा भाग कितीही ढवळला तरी विरघळत नाही. तो गाळणीतच राहायला हवा. मग १५ मिनिटं तसंच ठेवा, वर आलेले बुडबुडे चमच्यानं काढा आणि वाट्या भरा.

५. गरम पाण्याचा ट्रे

ओव्हन १५० अंशांवर तापवा. पंख्याचा ओव्हन असेल तर १३५ पुरे. ट्रेच्या तळाशी फडकं पसरा. त्यामुळे वाट्या सरकत नाहीत आणि खालून थेट चटका बसत नाही. वाट्या ठेवून ट्रे ओव्हनमध्ये सरकवा आणि त्यानंतर वाट्यांच्या निम्म्याहून थोडं वर येईल इतकं गरम पाणी ओता. आधी पाणी ओतून ट्रे उचलला तर ते हमखास वाट्यांत सांडतं.

पाणी कितीही तापलं तरी १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि उघड्या ट्रेमध्ये वाफ होत असल्यानं ते त्याच्याही बरंच खाली राहतं. ओव्हन १५० वर असला तरी कस्टर्डला तेवढा ताप लागत नाही तो यामुळे. ट्रेमधलं पाणी उकळताना दिसलं तर ओव्हन जास्त तापला आहे; १० अंश कमी करा आणि थोडं गार पाणी घाला. थंड पाण्यानं सुरुवात करू नका, वेळ जास्त लागतो.

६. झालं हे कसं ओळखायचं

३५ मिनिटांनी बघायला लागा. वाटीला हलका धक्का द्या. कडा स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग जेलीसारखा थरथरत असेल तर झालं. मध्ये लाट उठत असेल, म्हणजे द्रव हलताना दिसत असेल, तर आणखी ५ मिनिटं ठेवा. थर्मामीटर मधोमध ८० ते ८२ दाखवेल.

सुरी खुपसून ती कोरडी निघेपर्यंत थांबण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो इथे पाळू नका. मधोमध सुरी कोरडी निघते तोवर कडा जास्त शिजलेल्या असतात, आणि बाहेर काढल्यावरही आतला ताप आणखी दोन-तीन अंश चढतो. थरथर शिल्लक असतानाच बाहेर काढायचं. वाट्या पाण्यातून लगेच उचला, पाण्यातच ठेवल्या तर शिजणं चालूच राहतं.

७. गार करणं आणि उलटवणं

खोलीच्या तापमानाला आणा, पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मग झाकून किमान ६ तास फ्रिजमध्ये, रात्रभर ठेवलंत तर उत्तम. ही वाट बघणं सोडू नका. कडक कॅरॅमल कस्टर्डमधला ओलावा शोषून हळूहळू पातळ होतं, आणि घाईनं उलटवलं तर निम्मं कॅरॅमल वाटीलाच चिकटून राहतं.

काढताना पातळ सुरी कडेनं एकदाच फिरवा, वाटीचा तळ १० सेकंद गरम पाण्यात धरा, वर ताटली ठेवून एका झटक्यात उलटवा. सुटलं नाही तर वाटी थोडी तिरकी करून कडेनं हवा आत जाऊ द्या. बहुतेक वेळा नुसती पोकळी धरून ठेवत असते.

८. आता बाकीचे देश

क्रेम ब्रूले (फ्रान्स). याची छापील पाककृती १६९१ पासून, फ्रँस्वा मास्यालो या आचाऱ्याच्या पुस्तकातून, सापडते. ५०० मिली क्रीम (३५ टक्के फॅट), ६ बलक, ८० ग्रॅम साखर, व्हॅनिला. पांढरा भाग अजिबात नाही, म्हणून हे साच्यातून काढता येत नाही, वाटीतच खायचं. पसरट वाट्या घ्या, म्हणजे प्रत्येक घासाला वरचा कडक थर मिळतो. १४० अंशांवर, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये, ३० ते ४० मिनिटं. मधोमध ७७ ते ७९ अंश. क्रीम २५ टक्के फॅटचंच मिळत असेल तर एक बलक वाढवा.

गार झाल्यावर पृष्ठभागावरचा ओलावा टिपकागदानं हलकेच टिपा, नाहीतर साखर जळायच्या आधी विरघळते. दीड छोटा चमचा साखर पसरून ब्लोटॉर्चनं जाळा. एकदम जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. हा कडक थर तासाभरातच मऊ पडायला लागतो, त्यामुळे जाळायचं ते वाढण्याच्या आधीच.

क्रेमा कातालाना (स्पेनमधला कॅटलोनिया प्रांत). वरून तोच जळका थर, पण खाली वेगळी गोष्ट. १ लिटर दूध, ७ बलक, २०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दालचिनी आणि लिंबाची साल. ओव्हन लागतच नाही, शेगडीवर ढवळत दाट करायचं. १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी, हे घरोघरी होतं. दाट झालं म्हणून लगेच उतरवू नका. बुडबुडे येऊ देऊन एक मिनिट ढवळत ठेवा. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं. ते या उकळीनं मरतं. नाही मेलं तर दाट झालेलं मिश्रण फ्रिजमध्ये रात्रीत पातळ होतं.

लेचे फ्लान (फिलिपीन्स). स्पॅनिश राजवटीबरोबर फ्लान इथे आलं आणि फार दाट झालं. १० बलक, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (साधारण ३९० ग्रॅम), ३६० मिली इव्हॅपोरेटेड मिल्क आणि दायाप नावाच्या स्थानिक लिंबाची किसलेली साल. दायाप नसेल तर कुठलंही हिरवं लिंबू चालेल, फक्त पांढरी साल किसू नका. इव्हॅपोरेटेड मिल्क मिळालं नाही तर ८०० मिली दूध मंद आचेवर ३६० मिलीपर्यंत आटवून गाळून घ्या.

साचा यानेरा नावाचा, लंबगोल पातळ डबा असतो. साखर त्यातच टाकून चिमट्यानं आचेवर धरून कॅरॅमल करतात; वेगळं पातेलं लागत नाही. मिश्रणात वेगळी साखर नाही, कंडेन्स्ड मिल्कमधली पुरते. फॉइलनं घट्ट झाकून ३० ते ४० मिनिटं वाफवा. फॉइल लावायची राहिली तर झाकणावरचं पाणी टपकून वर खड्डे पडतात. खालचं पाणी खळखळू देऊ नका, जेमतेम हलत राहू दे.

पुदिम (ब्राझील). कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, त्याच डब्यानं मोजून दोन डबे दूध, ३ अंडी. मधोमध नळी असलेला साचा वापरतात. तो दिसायला छान असतो, शिवाय नळीतून मधल्या भागालाही उष्णता पोचते. मोठं कस्टर्ड करायचं असेल तर सपाट साच्यापेक्षा हा कधीही चांगला. १८० अंशांवर, पाण्याच्या ट्रेमध्ये, सुमारे दीड तास.

ब्राझीलमध्ये पुदिमला भोकं असावीत की नसावीत यावर खरोखरचे दोन पक्ष आहेत. भोकंवाल्यांना मिक्सरमधून काढलेलं, हवा भरलेलं मिश्रण आणि थोडी मोठी आच हवी असते. गुळगुळीत हवं असणारे हातानं ढवळतात, गाळतात आणि आच उतरवतात. म्हणजे वर ज्या गोष्टी टाळायला सांगितल्या, त्याच कुणाला तरी मुद्दाम हव्या असतात. तुम्हाला काय आवडतं ते ठरवून मग निवडा.

चावानमुशी (जपान). हे गोड नाही. ५० ग्रॅमच्या एका अंड्याला १५० मिली दाशी, म्हणजे कोंबू या समुद्री शेवाळाचा आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा पातळ अर्क. त्यात अर्धा छोटा चमचा सोया सॉस, तेवढंच मिरिन (स्वयंपाकाची गोडसर जपानी तांदळाची दारू) आणि चिमूटभर मीठ. दाशी पूर्ण गार हवी. कपाच्या तळाशी कोळंबी, चिकनचे लहान तुकडे किंवा शिताके मशरूम ठेवून वरून गाळलेलं मिश्रण ओता.

कप झाका आणि वाफवा. वाफेच्या भांड्याचं झाकण एका चॉपस्टिकनं किलकिलं ठेवायचं, म्हणजे आतली हवा ८०-८५ च्या आसपास राहते. १२ ते १५ मिनिटं लागतात. जपानीत त्या नको असलेल्या भोकांना 'सु' असं नाव आहे, आणि चावानमुशीत सु पडणं ही आचेची चूक मानतात. साखर नसल्यानं हे गोड कस्टर्डपेक्षा लवकर जमतं, त्यामुळे ११ व्या मिनिटापासून लक्ष ठेवा. कच्चे माइताके मशरूम घालू नका: त्यांतलं एन्झाइम अंड्याची प्रथिनं तोडतं आणि कस्टर्ड जमतच नाही. घालायचेच असतील तर आधी उकळून घ्या.

पाश्तेल द नाता (पोर्तुगाल). हे शेवटी ठेवा, कारण इथे मंद आचेचा नियम पूर्ण उलटतो. लिस्बनच्या बेलें भागात, जेरोनिमुश मठाजवळ, १८३७ पासून हे विकलं जातं. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाल्यावर ही पाककृती मठाबाहेर आली. १२ नगांसाठी:

- ३०० ग्रॅम पफ पेस्ट्री
- २२० ग्रॅम साखर, १२० मिली पाणी, दालचिनीचा एक तुकडा, लिंबाची साल
- ३०० मिली दूध, ३५ ग्रॅम मैदा
- ६ बलक

पेस्ट्रीची घट्ट गुंडाळी करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. २ सेंटिमीटरचे तुकडे कापून, कापलेली बाजू वर ठेवून साच्यात बसवा. ओल्या अंगठ्यानं मधून बाहेर दाबत कडेपर्यंत चढवा. तळ पातळ, कड जाड. तळ जाड राहिला तर तो कच्चा राहतो, आणि हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

साखर, पाणी, दालचिनी आणि साल उकळून १०५ अंशांपर्यंत, म्हणजे साधारण एकतारी पाक करा. थोड्या गार दुधात मैदा कालवा, उरलेलं दूध उकळून त्यावर ओता आणि दाट होईपर्यंत ढवळा. दालचिनी आणि साल काढून पाक धारेनं त्यात घाला. कोमट झाल्यावर बलक मिसळून गाळा. मिश्रण पातळ दिसेल. तसंच हवं, जास्त मैदा घालू नका.

साचे पाऊण भरा. ओव्हन २५० अंशांवर, किंवा तुमचा जितका जाईल तितका, किमान अर्धा तास तापलेला हवा. १२ ते १५ मिनिटांत कडा कुरकुरीत आणि वर काळे-तपकिरी डाग. ते डाग हवेतच. ओव्हन २२० च्या खाली असेल तर डाग पडायची वाट बघताना कस्टर्ड घट्ट होऊन रबरासारखं होतं.

९. किती दिवस टिकतं

क्रेम कॅरॅमल, लेचे फ्लान आणि पुदिम झाकून फ्रिजमध्ये ३ दिवस चांगलं राहतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात चांगलं लागतं. क्रेम ब्रूले वरचा थर न जाळता २ दिवस ठेवता येतं. चावानमुशी त्याच दिवशी संपवा. नाता काही तासांतच मऊ पडते. उरली तर २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ५ मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. यातलं काहीही फ्रीझरमध्ये ठेवू नका: बर्फ झालं की प्रथिनांची जाळी तुटते, आणि वितळल्यावर ताटलीत पाणी सुटतं.